ओटा फोडायचाच आहे, तर शेगडी कोणती? हॉब, साधी शेगडी, कुकिंग रेंज की इंडक्शन?

माजघर (लातूर)

नमस्कार मंडळी. आमचं घर किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९४ साली सासऱ्यांनी बांधलं. भिंती आजही भक्कम आहेत, पण स्वयंपाकघराची दशा झालीय. कडप्प्याच्या ओट्याला मधोमध तडा गेलाय, मोरीच्या बाजूनं ओल चढते आणि आख्ख्या खोलीत एकच प्लग आहे. दिवाळीच्या आत काम उरकायचंय. सगळं मिळून १,६०,००० रुपये बाजूला काढलेत. त्यात ओटा, फरशी, नळ, वायरिंग आणि रंग. शेगडीसाठी १२,००० च्या वर जाता येणार नाही, आणि काही वाचले तर हवेच आहेत.

घरात सहा माणसं. दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी, म्हणजे दिवसाला अठरा-वीस भाकरी. वेळ अमावस्येला भज्जीचं (कडधान्यं-पालेभाज्यांच्या मिसळीच्या भाजीचं) मोठं पातेलं आणि आंबील, होळी-पोळ्याला पुरण. भाकरी बहुतेक सासूबाईच करतात. वय ७१, हात अजून झरझर चालतो.

आता प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. फर्निचरवाला म्हणतो हॉबच, म्हणजे ओट्याचा दगड कापून आत बसवायची काचेची शेगडी, बसवा, ओटा सपाट दिसतो. गंजगोलाईतल्या एका दुकानात खाली ओव्हन असलेली चार बर्नरची कुकिंग रेंज दाखवली. आमचे हे म्हणतात, गॅस महागच होत जाणार, इंडक्शन घेऊ. आणि सासूबाई म्हणतात, "आहे ती शेगडी काय वाईट आहे?"

माझ्या बहिणीकडे हॉब आहे. दुसऱ्याच वर्षी दुपारी कोणी जवळ नसताना काच फुटली, सगळ्या ओट्यावर ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे. त्यामुळे मला धास्ती आहे. पण नुसत्या धास्तीपोटी चांगली गोष्ट नाकारावी असंही वाटत नाही. ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगावं.

पितळी बर्नर (संभाजीनगर)

ताई, मी बावीस वर्षं शेगड्या दुरुस्त करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी काचेचं. ही काच टफन्ड असते, म्हणून तिचे धारदार पात्यांऐवजी दाणे होतात. ती फुटायची कारणं बहुतेक तीन असतात. कडेला बारीक टवका उडालेला असतो, किंवा तापलेला तवा थेट काचेवर टेकवला जातो, किंवा गरम काचेवर गार पाण्याचं फडकं फिरवलं जातं. टवका आज उडतो आणि काच सहा महिन्यांनी फुटते, म्हणून लोकांना वाटतं आपोआप फुटली. भाकरीच्या घरात तवा उतरवून बाजूला टेकवायची सवय असते. सासूबाईंची चाळीस-पन्नास वर्षांची सवय शेगडीसाठी बदलायला लावू नका. स्टीलची शेगडी घ्या.

आता बर्नर. दुकानात माणूस वरचा पत्रा चकचकीत आहे का ते बघतो, बर्नर उचलून कोणी बघत नाही. तुम्ही उचला. पितळी बर्नर हाताला जड लागतो, भोकं एकसारखी असतात. हलक्या मिश्रधातूचा बर्नर खारट पाणी आणि उतू गेलेलं दूध यांनी लवकर खाल्ला जातो, भोकं वेडीवाकडी होतात आणि ज्योत एका बाजूनं पिवळी पडते. पिवळी ज्योत म्हणजे गॅस नीट जळत नाही, पातेल्याचं बूड काळं होतं.

आयएसआयची खूण बघा. एलपीजीच्या घरगुती शेगडीचं मानक आयएस ४२४६. त्या खुणेखाली सीएम/एल नंबर, म्हणजे परवान्याचा नंबर, असतो, तो बीआयएस केअर या ॲपमध्ये घालून दुकानातच तपासता येतो. या मानकात किमान ६८ टक्के कार्यक्षमता मागितलेली आहे, म्हणजे जळणाऱ्या गॅसच्या उष्णतेपैकी एवढी तरी भांड्याला लागली पाहिजे. समजा तुमचं सिलिंडर अशा शेगडीवर ३५ दिवस जातं. तेच ६० टक्क्यांच्या बिनखुणेच्या शेगडीवर ३१ दिवसांत संपेल. वर्षाला सव्वा-दीड सिलिंडर जास्त, आणि शेगडी तुम्ही दहा वर्षं वापरणार.

आणखी एक. जेटमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीत, कचरा अडकला तर सुई घालू नका. भोक मोठं होतं आणि मग ती शेगडी कधीच नीट जळत नाही. हे मी आठवड्यातून दोनदा तरी बघतो.

हुरडा (परभणी)

आमच्याकडं तीन बर्नरची घेतली अन् पस्तावलो. मधल्या बर्नरवर भाकरीचा तवा ठेवला की दोन्ही बाजूंचे बर्नर अर्धे झाकायलेत. तवा बारा इंची, शेगडी दिसायला मोठी, पण बर्नर जवळजवळ. तीन असून एका वेळी दोनच वापरायलो. दोनच घ्यायची पण ऐसपैस घ्यायची, असं आता वाटतंय.

फेज न्यूट्रल (जालना)

इंडक्शनबद्दल लिहितो, कारण वायरिंग माझं काम आहे.

हिशेब असा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, किलोला साधारण १२.८ युनिट विजेइतकी उष्णता, म्हणजे सगळी मिळून १८० युनिटच्या आसपास. शेगडीवर त्यातली ६८ टक्के भांड्याला लागली तर १२३ युनिट. इंडक्शनवर सुमारे ८५ टक्के लागते असं धरलं तर तेवढंच काम १४५ युनिटमध्ये होतं. म्हणजे एक सिलिंडर म्हणजे १४५ युनिट. आता महावितरणचं बिल काढा. त्यात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला दर वाढतो. इंडक्शनचे युनिट तुमच्या आजच्या वापराच्या वर जाऊन बसणार, म्हणून दर धरताना वरच्या टप्प्याचा धरा, सरासरी धरू नका. त्यात इंधन समायोजनाचा आकार, वहन आकार आणि वीज शुल्कही मिळवा. मग सिलिंडरच्या किमतीशी ताडून बघा. प्रत्येक घराचं उत्तर वेगळं येतं, त्यामुळे स्वस्त की महाग हे मी इथून सांगणार नाही.

पण वायरिंगचं मात्र इथून सांगतो. १९९४ च्या घरात प्लगपर्यंत बारीक वायर असणार. २,००० वॅटचं इंडक्शन जवळजवळ ९ अँपिअर ओढतं. त्याच प्लगवर मिक्सर लावला की वायर तापते. ओटा फुटणारच आहे, भिंतही खरवडली जाणार आहे, तर मेन बोर्डापासून ओट्यापर्यंत ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर ओढून घ्या, तिला स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचा प्लग. आज इंडक्शन घेतलं नाही तरी घ्या. टाइल्स लागल्यावर हे काम तिप्पट महाग पडतं.

आणि अर्थिंग तपासा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली पट्टी मातीपासून सुटते. एप्रिल-मे महिन्यात त्या खड्ड्यात पाणी घालायची पद्धत जुन्या लोकांना माहीत होती, आता कोणी घालत नाही.

माजघर

फेज न्यूट्रल, बिल काढून बघितलं. आम्ही आत्ताच दुसऱ्या टप्प्याच्या मध्यावर आहोत, पूर्ण स्वयंपाक त्यावर नेला तर तिसऱ्यात जाऊ. शिवाय सासूबाईंचा तवा बिडाचा आहे, बूड खोलगट, तो इंडक्शनवर टेकतच नाही. वायर मात्र तुम्ही म्हणता तशी ओढून घेते.

पितळी बर्नर दादा, काल दोन दुकानांत बर्नर उचलून बघितले. एका शेगडीवर "पितळी" अशी चिठ्ठी होती, वरचं झाकण तेवढं पितळी, खालचं हलकंच. तुम्ही सांगितलं नसतं तर कळलं नसतं.

काठवट (बीड)

मी स्वतः इंडक्शनवर दोन महिने भाकरी करून पाहिल्या, सपाट लोखंडी तवा आणून. होतात. पाणी लावून उलटेपर्यंत काही फरक नाही. पण फुगवायच्या वेळी तवा बाजूला करून भाकरी ज्योतीवर धरतो ना, ते तिथं नाही. तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवावी लागते, पापुद्रा सुटतो पण खमंगपणा येत नाही. आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी पहिल्या घासाला ओळखलं. आता चहा, दूध, भात इंडक्शनवर आणि भाकरी गॅसवर. इतकी विभागणी आमच्या घरी चालली. सिलिंडर आधी महिनाभर जायचं, आता चाळीस-बेचाळीस दिवस जातं.

नांदेडची, सध्या ऑस्टिनला

कुकिंग रेंजचा विषय निघाला म्हणून लिहिते. इथं ती घरातच असते, ३० इंच रुंद, दोन कपाटांच्या मधल्या फटीत सरकवून बसवलेली, वर चार-पाच बर्नर आणि खाली मोठा ओव्हन. विजेवरची असेल तर तिला २४० व्होल्टची स्वतंत्र ४० किंवा ५० अँपिअरची लाइन लागते, आणि घर बांधतानाच ती टाकलेली असते. इथल्या लोकांचं भाजणं-शेकणं ओव्हनमध्येच चालतं, म्हणून त्यांना तिचा उपयोग आहे.

मी अकरा वर्षांत माझ्या ओव्हनमध्ये सर्वांत जास्त काय ठेवलं असेल, तर कढया. भाकरी कॉइलवर जाळी ठेवून फुगवते आणि दर वेळी आईच्या शेगडीची आठवण येते. तुमच्याकडे रेंज बसवायची तर ओटा मधून तोडून दोन-अडीच फूट जागा सोडावी लागेल, ती जमिनीवर उभी राहते. रेंज गेली की ती जागा मोकळी. केक, नानखटाई करायची असेल तर वेगळा ओटीजी, म्हणजे छोटा विजेवरचा ओव्हन, घ्या, तो कपाटावर ठेवता येतो. बजेट कमी असताना ओटा तोडून ओव्हन आणू नका, कळकळीनं सांगते.

दगडी वाडा (धाराशिव)

हॉबवर सगळे तुटून पडलेत, म्हणून त्याची एक बाजू मांडतो. उंची.

तुमचा ओटा किती उंच आहे? बहुतेक ठिकाणी ३२ ते ३४ इंच. त्यावर शेगडी पाच-सहा इंच, त्यावर तवा. म्हणजे भाकरी उलटताना हात ३९-४० इंचांवर. उभं राहून कोपर काटकोनात दुमडा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. भांड्याची कड त्याच्या खाली यायला हवी, वर गेली की खांदा उचलून काम करावं लागतं. माझ्या आईचा उजवा खांदा धरला होता. वैद्यांनी तेल दिलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ओट्याची उंची मोजायला कोणालाच सुचलं नाही. हॉब ओट्यात बसल्यामुळे तीन-चार इंच खाली येतं, आईला तेवढ्यानं फरक पडला. आमचं हॉब सात वर्षं झाली, काच शाबूत आहे.

मात्र दगड कापताना पुढची पट्टी रुंद ठेवा. आमच्या पहिल्या मिस्त्रीनं ती दीड इंचच ठेवली आणि ग्रॅनाइट तिथंच तडकला. आणि एकदा कापलं की पुढचं हॉबही त्याच मापाचं शोधावं लागतं.

माजघर

दगडी वाडा, तुमचा प्रतिसाद वाचून टेप घेऊन सासूबाईंना उभं केलं. कोपर ३६ इंचांवर. ओटा ३३, शेगडी साडेपाच, तवा धरून ३९ च्या पुढे. त्यांना विचारलं, खांदा दुखतो का? म्हणाल्या, "दुखतोच की. वयाचं असतंय ते." त्या रोज वीस भाकरी तीन इंच हात उचलून करत होत्या आणि आम्ही सगळे त्याच खोलीत बसून जेवत होतो. मला रात्री झोप लागली नाही.

म्हणजे आता हॉबच घ्यावं लागणार का?

पितळी बर्नर

हॉबच कशाला? ओटा तुम्ही फोडूनच नवा करताय ना? मग शेगडीपुरता ओटाच खाली घ्या. तीन फूट लांबीचा भाग २९ इंचांवर, बाकीचा चिरायचा-निवडायचा ओटा ३३ वर. साडेपाच इंची शेगडी ठेवली की बर्नर साडेचौतीसवर. दगड कापायचा नाही, काच नाही, उद्या शेगडी बदलली तरी दुसरी कुठलीही बसते. मिस्त्रीला नवा ओटा घालायचाच आहे, एक पायरी घालायला वेगळा असा फार खर्च नाही.

दगडी वाडा

हे मला सात वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं. मनापासून पटलं.

गोदाकाठ (पैठण)

पायरी घालाल तेव्हा त्याच्या खाली सिलिंडर मावतं का बघा. सिलिंडर सुमारे दोन फूट उंच, वर रेग्युलेटर, आणि २९ मधून दगड व खालची फरशी वजा करा. मावेल, पण ओढताना रेग्युलेटर दगडाला घासायला नको. त्यापेक्षा शेजारच्या उंच ओट्याखाली ठेवा. आणि तिथं कपाटाला दार करणार असाल तर दाराला अगदी तळाशी जाळी ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, वरच्या जाळीचा उपयोग नाही. सिलिंडर नेहमी उभं, आणि शेगडी त्याच्यापेक्षा वर.

येसर (लातूर)

चिमणी घेणार आहात का? येसराची फोडणी आणि मिरचीचा ठसका आमच्या घरी रस्त्यापर्यंत जातो.

माजघर

चिमणी नाही. बजेटमध्ये बसत नाही, आणि दर महिन्याला ती उघडून धुवायला आमच्या घरात कोणाला सवड नाही. खिडकीच्या वर एक्झॉस्ट फॅन बसवतेय. शेगडी खिडकीच्या थेट समोर येणार नाही अशी जागा धरलीय, ज्योत हलायला नको.

मापांचं एक केलं, ते इथं सांगते, कोणाच्या उपयोगी पडेल. हुरडा यांचा अनुभव वाचून मी वर्तमानपत्रावर आमची भांडी पालथी घालून गोल कापले. तवा १२ इंच, पाच लिटरचा कुकर, आमटीचं पातेलं, भज्जीचं मोठं पातेलं १५ इंची. ते गोल घडी घालून पिशवीत घेतले आणि दुकानात शेगड्यांवर मांडून बघितले. दुकानदार आधी बघत राहिला, मग स्वतःच दुसऱ्या शेगड्या काढून द्यायला लागला. तीन बर्नरच्या चार शेगड्यांपैकी एकीवरच तवा आणि कुकर शेजारी-शेजारी मावले, आणि ती ३० इंच रुंद होती. दोन बर्नरच्या रुंद शेगडीवर तवा आणि १५ इंची पातेलंही मावलं. तीच घेतली. स्टीलची, दोन्ही बर्नर पूर्ण पितळी, एक मोठा एक मध्यम. ३,४०० रुपये. नंबर ॲपवर तपासला, बरोबर निघाला.

काठवट

तिसरा बर्नर नाही, तर सणाला काय कराल?

माजघर

फेज न्यूट्रल यांनी ओढायला लावलेल्या वायरवर साधं एका बर्नरचं इंडक्शन, २,३०० ला मिळालं. चहा-दूध-भात तुमच्यासारखंच त्यावर. गॅस मध्येच संपला तरी रात्र निभते.

फेज न्यूट्रल

त्यावर सपाट बुडाचीच भांडी घ्या, आणि चुंबक चिकटतो का ते बघून घ्या. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा इंडक्शन आपोआप बंद होईल, बिघडलं असं समजू नका.

पितळी बर्नर

नळीचं विसरू नका. जुनी नळी नव्या शेगडीला लावायची नाही. सुरक्षा नळी घ्या, आत तारेची जाळी असलेली केशरी, आयएसआय खुणेची, लांबी दीड मीटरच्या आत. पाच वर्षांनी बदलायची. ती भिंतीतून किंवा दगडातल्या भोकातून न्यायची असेल तर नळी न नेता एजन्सीकडून तांब्याची पाइप टाकून घ्या. घासून झिजलेली नळी आतल्या बाजूला असते, दिसत नाही. साबणाचं पाणी लावून सांधे तपासा, काडी ओढून कधीच नाही. वास आला तर बटणं, पंखा काहीही न लावता दार-खिडकी उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन लावा. हा नंबर ओट्याच्या वर भिंतीवर लिहून ठेवा, घाईत आठवत नाही.

नांदेडची, सध्या ऑस्टिनला

काम झालं की कळवा ताई. आईच्या घरचा ओटाही याच वर्षी करायचाय, मी तिला कोपर मोजायला सांगितलंय.

माजघर

काम झालं. दिवाळीला चार दिवस बाकी असताना मिस्त्री गेला. एकूण १,५३,००० लागले, शेगडी आणि इंडक्शन धरून.

एक चूक झाली ती सांगते. मिस्त्रीनं खालचा ओटा २९ ऐवजी ३० वर घातला, माप दगडाच्या खालून धरलं होतं. मी त्या वेळी बाजारात होते. तुम्ही करणार असाल तर दगडाच्या वरच्या कडेपर्यंतचं माप भिंतीवर पेन्सिलीनं आखून द्या आणि तो दगड बसवत असताना जवळ उभ्या राहा. एक इंच गेला तो गेला. तरी बर्नर साडेपस्तीसवर आहे, कोपराच्या खाली.

काल सकाळी पहिल्या भाकरी झाल्या. सासूबाईंनी काठवट शेजारच्या उंच ओट्यावर ठेवली, थापून झाली की वळून खाली तव्यावर. पहिली भाकरी जरा करपली, नव्या बर्नरची आच त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त निघाली. दुसरीपासून बेतात. तवा बाजूला करून भाकरी ज्योतीवर धरली, टम्म फुगली, आणि त्यांनी ती तव्याबरोबर स्टीलवरच टेकवली, नेहमीसारखी. नऊ भाकरी झाल्यावर म्हणाल्या, "आज हात वर धरावा लागला नाही गं."

केशरी नळीवर मार्करनं महिना आणि वर्ष लिहिलंय. १९०६ भिंतीवर आहे.